डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद राहिली असेल तर : रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घेण्याची रीत

एकाच बटालियनमधले, एकाच कंपनीतले दोन जवान. दोघांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवा संपताना मिळणारी नोंदींची वही, शेजारी ठेवलं तर एकाच्या बुकात पाच मेडलं आणि दुसऱ्याच्या बुकात दोनच, असं लातूर-नांदेडकडच्या गावांत सर्रास दिसतं. बहुतेक वेळा ती मेडलं कुणी नाकारलेली नसतात. युनिटपासून जवानांची सेवा कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंतच्या वाटेवर कागद कुठेतरी अडकलेला असतो. तो कुठे अडकला हे न पाहता 'मला माझी सर्व मेडले मिळावीत' असा अर्ज पाठवला की क्लार्क शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदीचा कागद, उघडतो, तिथे जे आहे ते पाहतो आणि 'अभिलेखानुसार पात्र नाही' असं दोन ओळींचं उत्तर येतं. त्या उत्तरावर वर्षानुवर्षं भांडत बसण्यापेक्षा पहिला अर्ज उशिरा गेला तरी चालेल, पण नेमका जावा.

कागदाची वाट

युनिट पात्र जवानांची यादी करतं. कमांडिंग ऑफिसर पात्रतेचा दाखला देऊन सही करतो. मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत बदल करणारा युनिटचा लेखी आदेश, निघते. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलवर नोंद चढते. डिस्चार्जच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक लिहिलं जातं. धातूचं मेडल ही आणखी वेगळी गोष्ट. ते सेना मुख्यालयाच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेमार्फत येतं आणि कधी कधी पात्रता नोंदल्यावर कित्येक वर्षांनी येतं. पात्रतेची नोंद आणि मेडल हातात पडणं या दोन गोष्टी मनात पक्क्या वेगळ्या ठेवा. नोंद असेल तर आज ना उद्या मेडल निघतं. नोंदच नसेल तर कितीही विनंत्या करा, काही निघत नाही.

ही वाट कुठे तुटते ते ठरलेलं आहे. पहिली जागा बदलीची. ऑपरेशन संपलं, जवान दुसऱ्या युनिटला गेला आणि जुन्या युनिटने यादी सहा महिन्यांनी केली. यादी करणाऱ्याने हजर असलेल्यांचीच नावं घेतली. दुसरी जागा राष्ट्रीय रायफल्स किंवा दुसरी कुठलीही बाहेरची नेमणूक. माणूस मराठा लाइट इन्फंट्रीचा, पण काश्मीरमधली वर्षं राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये गेली. पार्ट टू ऑर्डर तिथून निघायची आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात, बेळगावला पोचायची. अशा कागदांतले काही पोचत नाहीत, काही पोचूनही चढत नाहीत. तिसरी जागा दवाखान्याची. जखमी किंवा आजारी म्हणून मिलिटरी हॉस्पिटलात हलवलेला जवान युनिटच्या हजेरीवर नसतो. चौथी, डिस्चार्जनंतर जाहीर झालेली मेडलं. सरकारने मेडल जाहीर केलं, नियम ठरले, याद्या झाल्या, तोवर जवान घरी शेतीला लागलेला होता.

आणि पाचवी जागा नंबरची. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की सर्व्हिस नंबर बदलतो आणि जेसी नंबर, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा (जेसीओचा) नंबर लागतो. जुन्या नंबरवर निघालेली ऑर्डर नव्या नंबरच्या कागदांत न जाणं हा अगदी नेहमीचा घोळ आहे. म्हणून जेसीओ म्हणून निवृत्त झालेल्यांनी प्रत्येक अर्जात दोन्ही नंबर लिहावेत, शेवटच्या अक्षरासह.

आधी स्वतःचं बुक वाचा

भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि नॉन क्वालिफाइंग सर्व्हिसचे, म्हणजे सेवेत न धरलेले दिवस एका कागदावर उतरवून घ्या. काही मेडलं नुसत्या तारखांवर ठरतात, त्यांना लढाईचा पुरावा लागत नाही.

दीर्घ सेवेची मेडलं नऊ, वीस आणि तीस वर्षांची. सतरा वर्षं केलेल्या जवानाच्या बुकात नऊ वर्षांचं मेडल नसेल तर ते बहुधा नोंदायचं राहिलेलं असतं. चोवीस वर्षं केलेल्याकडे नऊचं आणि वीसचं अशी दोन्ही हवीत. मात्र गैरहजेरीचे आणि कैदेचे दिवस सेवेत धरले जात नाहीत. नऊ वर्षं आणि चार दिवसांवर बाहेर पडलेल्याने आधी ते वजा करून पाहावेत.

स्वातंत्र्याच्या वर्धापनाची मेडलं तर याहून सोपी. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्याला २५व्या वर्धापनाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला असलेल्याला ५०व्याचं आणि १५ ऑगस्ट २०२२ ला असलेल्याला ७५व्याचं. ही नेमकी राहून जातात, कारण वाटप उशिरा झालं आणि त्या वर्षी किंवा पुढच्या वर्षी पेन्शनवर आलेले जवान यादीतून निसटले.

बाकीची मेडलं जागा आणि काळ यांवर ठरतात. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वेकडच्या आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल त्याहून मोठ्या वर्तुळातल्यांना. १९९९ च्या कारगिलसाठी ठरावीक क्षेत्रातल्यांना ऑपरेशन विजय स्टार आणि व्यापक जमवाजमवीतल्यांना ऑपरेशन विजय मेडल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर गेलेल्यांसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल. सियाचिनचं स्वतंत्र. ९,००० फुटांच्या वर एकूण १८० दिवस काढलेल्यांना उच्च तुंगता मेडल. हे दिवस सलग असावे लागत नाहीत, वेगवेगळ्या नेमणुकांतले मिळून धरतात. म्हणून लेहची एक आणि सिक्कीमची एक अशा दोन छोट्या नेमणुका असलेल्याने बेरीज जरूर करावी.

इथे एक सापळा आहे. बुकात 'एस.एस.एम.' अशी तीन अक्षरं असतील तर ते सैन्य सेवा मेडल आहे, सामान्य सेवा मेडल आहे की स्पेशल सर्व्हिस मेडल, हे त्यावरून कळत नाही. तिघांचीही आद्याक्षरं तीच. मेडल हातात असेल तर त्यावर काय कोरलंय ते पाहा. नसेल तर शीट रोलवर पूर्ण नाव किंवा ऑर्डरचा नंबर सापडतो. दुसरं, सैन्य सेवा आणि स्पेशल सर्व्हिस या मेडलांना प्रदेशाप्रमाणे किंवा ऑपरेशनप्रमाणे क्लास्प असतो, म्हणजे रिबनवर बसणारी आडवी पट्टी. एक क्लास्प आधीच मिळाला असेल आणि दुसऱ्या प्रदेशातही सेवा झाली असेल तर दुसरं मेडल मिळत नाही, क्लास्प वाढतो. अर्जात 'मेडल मिळाले नाही' असं लिहिलं तर 'मेडल दिलेले आहे' असंच उत्तर येणार, आणि ते बरोबरही असेल.

काय मागू नये हेही सांगायला हवं. लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल आणि मेरिटोरियस सर्व्हिस मेडल निवडीने मिळतात. कोरी कंडक्ट शीट, म्हणजे शिक्षेची एकही नोंद नसलेला कागद, असली म्हणून ती आपोआप मिळत नाहीत. 'सेना मेडलसाठी माझी शिफारस झाली होती' हीही नोंदीची चूक ठरत नाही. शिफारस म्हणजे पुरस्कार नव्हे, आणि तीस वर्षांपूर्वीची शिफारस दुरुस्तीच्या अर्जातून जिवंत होत नाही. उलट शौर्य पुरस्कार खरोखर जाहीर झाला असेल तर तो भारताच्या राजपत्रात छापलेला असतो. त्या अधिसूचनेची तारीख आणि नंबर मिळाला की काम अर्धं झालं. हे इतरांपेक्षा घाईने करावं, कारण शौर्य पुरस्काराला मासिक मानधन असतं, राज्य सरकारचीही रक्कम असते, आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नोंद नसेल तर ते अडतं. सेवेच्या मेडलांनी पेन्शन एक रुपयानेही वाढत नाही. 'मेडल लावून देतो, पेन्शन वाढेल' असं सांगून पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

कुठल्या रेकॉर्डकडे जायचं

युनिटकडे नाही, रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठवाड्यातले जवान ज्यांत जास्त सापडतात त्यांची ठिकाणं अशी : मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप खडकी, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, गार्ड्स कामठी, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) आणि ऑर्डनन्स सिकंदराबाद, मेडिकल कोअर लखनौ, मिलिटरी पोलीस बंगळुरू. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलातल्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांची कागदपत्रं यांपैकी कुठेच नसतात, ती दिल्लीत सेना मुख्यालयात असतात.

पहिली सेवा संपवून डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती झालेल्यांची गाठ थोडी वेगळी आहे. त्यांचं रेकॉर्ड केरळात कण्णूरला. पहिल्या सेवेतलं मेडल राहिलं असेल तर जुन्या रेकॉर्ड ऑफिसला आणि कण्णूरला एकाच मजकुराचा अर्ज पाठवा आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

नाशिक रोड आणि सिकंदराबाद मराठवाड्यातून रेल्वेने सरळ गाठता येतात. पण पहिल्या अर्जासाठी तिथे जाऊ नका. मुलाखतीच्या खोलीत बसवून 'लेखी द्या' एवढंच सांगितलं जातं. अर्ज जाऊन दोन-तीन महिने झाले, हातात जावक क्रमांक आहे, मग गेलं तर उपयोग होतो. जाताना माजी सैनिक ओळखपत्र, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या मूळ प्रती बरोबर असाव्यात.

शीट रोलची प्रत, माहिती अधिकारातून

सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच, आणि नेमकं हेच बहुतेकजण गाळतात. शीट रोल पाहिल्याशिवाय चूक कुठल्या पायरीवर आहे ते कळूच शकत नाही.

रेकॉर्ड ऑफिस केंद्र सरकारचं आहे. म्हणून तहसीलला करतो तसा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जाला चिकटवून पाठवू नका. केंद्राच्या नियमांत तो चालत नाही आणि अर्ज परत येतो. दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर घ्या, 'अकाउंट्स ऑफिसर' या नावाने भरा, तिचा नंबर अर्जात लिहा. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून केला तर शुल्क तिथेच भरता येतं आणि पोस्टल ऑर्डरची भानगड उरत नाही. अर्ज ५०० शब्दांच्या आत ठेवा. भाषा हिंदी किंवा इंग्रजी बरी. नाशिक रोडला मराठी कायद्याने चालेल, सागरला किंवा जबलपूरला मराठीचा आग्रह धरण्यात वेळच जातो.

मागणी अशी लिहा :

'माझ्या शीट रोलच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत द्यावी. मला मंजूर झालेल्या सर्व मेडल व क्लास्पची यादी, प्रत्येकाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारखेसह द्यावी. यांपैकी कोणती मेडले प्रत्यक्ष पाठवली, कोणत्या तारखेला व कोणाच्या पत्त्यावर, ते कळवावे. मी ज्या ज्या युनिटमध्ये होतो त्यांची नावे व तिथल्या नेमणुकीच्या तारखा द्याव्यात.'

'मला हे मेडल का दिले नाही' असा प्रश्न माहितीच्या अर्जात घालू नका. 'का' ही माहिती धरली जात नाही, आणि तेवढ्या एका प्रश्नाच्या आडून बाकीचंही टोलवलं जातं. प्रतींना दर पानाला दोन रुपये पडतात, ते नंतर कळवतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

प्रत आली की तीनपैकी एक चित्र दिसतं. शीट रोलवर नोंद आहे, बुकात नाही : ही लिहिणाऱ्याची चूक, सगळ्यात लवकर सुटणारी. नोंद आहे, बुकातही आहे, मेडल मात्र मिळालेलं नाही : इथे फक्त वाटपाचा प्रश्न. शीट रोलवरच नोंद नाही : इथे पात्रता सिद्ध करावी लागते आणि खरं काम इथून सुरू होतं.

पात्रता सिद्ध करायचे कागद

आधी शीट रोलवरच्या नेमणुकांच्या तारखा आणि ज्या ऑपरेशनचं मेडल हवं त्याचा काळ समोरासमोर ठेवा. त्या काळात तुम्ही त्या युनिटच्या हजेरीवर होता हे रेकॉर्डच सांगत असेल तर तोच सगळ्यात भक्कम पुरावा. त्यांचाच कागद त्यांना दाखवायचा.

त्यानंतर जोडीदार. त्याच प्लाटूनमधल्या किंवा कंपनीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. ज्यांच्या बुकात ते मेडल आहे असेच दोघं निवडा आणि त्यांच्या बुकाच्या त्या पानाची प्रत जोडा. त्या पानावर पार्ट टू ऑर्डरचा नंबर असेल तर सोन्याहून पिवळं. रेकॉर्ड ऑफिस ती ऑर्डर काढून यादीत तुमचं नाव आहे का हे थेट पाहू शकतं. कित्येकदा नाव असतं, नंबरमधला एक आकडा चुकलेला असतो. प्रतिज्ञापत्रात 'हे शूर सैनिक होते' वगैरे नको. कोणती कंपनी, कोणता महिना, कोणती चौकी, कंपनी कमांडरचा हुद्दा आणि नाव, एवढं हवं.

घरातली जुनी पत्रं आणि मनीऑर्डरीच्या पावत्या फेकू नका. पाकिटावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं. त्यावरून गाव कळत नाही, कारण जागा लपवण्यासाठीच ती पद्धत आहे. पण फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर त्याचा क्रमांक आणि तारीख असते, आणि युनिट त्या तारखेला कुठे होतं हे सैन्याच्या कागदांशी ताडून पाहता येतं. सुट्टीचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचं डिस्चार्ज स्लिप, पे बुकातली फील्ड अलाउन्सची नोंद, सगळं उपयोगी. बर्फात काढलेला फोटो घरच्यांना आवडतो, पण रेकॉर्डच्या क्लार्कला त्यावरून तारीख कळत नाही. फोटो जोडायचाच तर मागच्या बाजूला त्या वेळी लिहिलेली तारीख असलेलाच जोडावा.

नाव आणि पत्ता यांचा मराठवाडी गुंता

इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे अर्ज या एका कारणाने रेंगाळतात.

१९६५ आणि १९७१ ची पिढी निजामाच्या राज्यात जन्मलेली. शाळेचं रजिस्टर बऱ्याच ठिकाणी उर्दूत. भरतीच्या वेळी नाव ऐकून इंग्रजीत लिहिलं गेलं, आडनाव कधी आलं, कधी गळलं. आधारवर 'ज्ञानोबा मारुती शिंदे' आणि रेकॉर्डमध्ये नुसतं 'ज्ञानोबा मारुती', तेही वेगळ्याच स्पेलिंगने. अर्जात नाव रेकॉर्डमध्ये आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. खाली दुसऱ्या ओळीत 'आधारप्रमाणे नाव' लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नाव कायमचं दुरुस्त करून घ्यायचं असेल तर तो वेगळा अर्ज. त्याला वृत्तपत्रातल्या जाहिरातीसारखी जास्तीची कागदं मागितली जातात. दोन्ही विषय एकाच अर्जात घातले तर मेडल नावाच्या दुरुस्तीमागे अडकून पडतं.

पत्त्याचंही तेच. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादमधून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. त्याआधी भरती झालेल्याच्या कागदावर जुनाच जिल्हा आहे. आता तर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. औशाच्या जवानाच्या रेकॉर्डला 'जिल्हा उस्मानाबाद', आधारला 'लातूर'. कण्णूरच्या किंवा जबलपूरच्या क्लार्कला हा इतिहास माहीत असायचं कारण नाही. पत्ता लिहिताना 'भरतीच्या वेळचा जिल्हा' आणि 'सध्याचा जिल्हा' अशा दोन ओळी द्या. एवढ्याने एक फेरी वाचते.

अर्ज

शीट रोल हातात आल्यावरच हा लिहायचा. एका पानात बसवा. वर दोन्ही नंबर, हुद्दा, रेकॉर्डप्रमाणे नाव, शेवटचं युनिट, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, पीपीओ क्रमांक, फोन. विषयाच्या ओळीत मेडलचं पूर्ण नाव, आद्याक्षरं नकोत. मजकुरात तीनच गोष्टी : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या युनिटमध्ये होतो, शीट रोलच्या कुठल्या पानावर ते दिसतं, आणि नेमकं काय करायचं आहे. मागणी क्रमाने लिहा : आधी पात्रतेची तपासणी आणि पार्ट टू ऑर्डर, मग शीट रोलवर नोंद, मग डिस्चार्ज बुकात नोंद, मग मेडलचं वाटप. 'मेडल उपलब्ध नसल्यास नोंद थांबवू नये' हे वाक्य आवर्जून घाला. साठ्यात मेडल नाही म्हणून पूर्ण फाईल बाजूला पडण्याचा धोका त्याने कमी होतो.

मेडलं एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला वेगळा अर्ज करायचा की एकच? तारखांवर ठरणारी सगळी एका अर्जात घाला. ऑपरेशनची स्वतंत्र ठेवा, कारण तिथे पुरावा तपासायला वेळ लागतो आणि सोप्याचं काम अवघडासाठी खोळंबतं.

अर्ज स्पीड पोस्टाने थेट रेकॉर्ड ऑफिसला पाठवा आणि दुसरी प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, म्हणजे अजूनही आपल्याकडे ज्याला सोल्जर बोर्ड म्हणतात तिथून, त्यांच्या पत्रासोबत जाऊ द्या. तिथे पैसे लागत नाहीत. त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक मागून घ्या, पाठपुरावा त्याच क्रमांकावर होतो. कार्यालय राज्य सरकारचं असल्याने शनिवारी बंद असतं. तालुक्याहून एसटीने येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत पहिल्या अर्जासोबत कधीच पाठवू नका. रंगीत झेरॉक्स, प्रत्येक पानाची, कोरी पानंसुद्धा. नोंद मंजूर झाल्यावर रेकॉर्ड ऑफिस लेखी मागेल तेव्हाच मूळ बुक पाठवायचं, त्याआधी सगळी पानं स्कॅन करून ठेवायची.

बुकच नसेल, जवान हयात नसेल

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातल्या कितीतरी घरांतले कागद ढिगाऱ्यात गेले. अशांनी मेडलचा अर्ज नंतर करावा, आधी डिस्चार्ज बुकाच्या बदल्यात मिळणारा सेवेचा दाखला घ्यावा. त्यासाठी हरवल्याची पोलिसांकडची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र लागतं. सर्व्हिस नंबर आठवत नसेल तर तो पीपीओवर, बँकेच्या पेन्शन पासबुकावर, जुन्या कँटीन कार्डावर सापडतो. जुन्या मेडलांच्या कडेवरही पाहा, बऱ्याच मेडलांवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. हरवलेलं मेडल पुन्हा मागणं हा मात्र वेगळा विषय आहे. त्याला नोंदीची दुरुस्ती म्हणू नका, 'हरवल्यामुळे दुसरी प्रत' असं स्पष्ट लिहा.

जवान वारला असेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. पण पत्नीचं नाव रेकॉर्डवर असायला हवं. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, असं जुन्या पिढीत खूप आहे. फॅमिली पेन्शन सुरू असेल तर नाव आहेच, काळजी नको. नसेल तर आधी ती नोंद, मग मेडल.

पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्यांनी सगळ्यात जास्त घाई करावी. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. मग उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, जी कायम ठेवतात, पण तिच्यात तपशील त्रोटक असतो. 'कागदपत्रे नष्ट' असं उत्तर आलं तर लाँग रोलची प्रत आणि कागद कुठल्या तारखेला नष्ट केले त्याची नोंद, दोन्ही मागा. तुमचं बुक, जोडीदारांची बुकं आणि त्यांच्यावरचे ऑर्डर नंबर यांवरच मग सगळं उभं राहतं.

उत्तर येत नसेल तर

दोन महिन्यांनी स्मरणपत्र, मूळ अर्जाची प्रत आणि स्पीड पोस्टाची पावती जोडून. त्यानंतर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाच्या नावे तक्रार. तिथे लांब मजकूर लिहू नका, शीट रोलचं पान, अर्ज आणि पोचपावती एका पीडीएफमध्ये जोडा. तक्रार शेवटी फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसात जाते, पण उत्तर देण्याची तारीख लागलेली असते, म्हणून फाईल हलते.

स्पष्ट नकार आला आणि तुमच्याकडे कागद पक्के असतील तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्ज करून सहा महिने उत्तरच आलं नसेल तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत. उशीर झाला असेल तर कारण दाखवून तो माफ करण्याची विनंती करता येते, पण ते न्यायाधिकरणाच्या मर्जीवर. नऊ वर्षांच्या मेडलसाठी वकील करून मुंबईच्या चकरा माराव्यात असं आमचं मत नाही. नकाराचं पत्र घेऊन, त्यातल्या कारणाला धरून, रेकॉर्ड ऑफिसला आणखी एक नेमका अर्ज केला तर अशी प्रकरणं बहुधा तिथेच मिटतात. शौर्य पुरस्कार किंवा त्यावरचं मानधन अडलं असेल तर मात्र जावं.

नोंद झाल्यावर

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की त्यातला पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख बुकातल्या नव्या नोंदीशी जुळते का पाहा. नोंदीखाली सही आणि गोल शिक्का हवा, नुसती शाईची ओळ पुढे कुणी मानत नाही. मेडल पार्सलने आलं तर पाकीट फोडतानाच कडेवर नाव कोरलेलं आहे का आणि स्पेलिंग बरोबर आहे का बघा. चूक असेल तर लगेच परत न पाठवता आधी फोटोसह पत्र लिहा आणि परत पाठवण्याची लेखी सूचना आल्यावरच पाठवा. शौर्य पुरस्कार असेल तर याच पत्राच्या आधारावर सुधारित पीपीओची मागणी करायची. ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जाते. सुधारित पीपीओ आल्यावर त्याची प्रत सैनिक कल्याण कार्यालयात देऊन राज्य सरकारच्या रकमेचा अर्ज त्याच दिवशी भरून टाकावा.